अक्का, छत झालं म्हणू का?

अक्का, तुम्हाला जाऊन महिनाही पुरा झाला नव्हता आणि मायाप्पा मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढल्या, पण आत काही आला नाही. उंबऱ्यापाशीच उभं राहून म्हणाला, "काकू, वरचं समदं झालंय. तुमी एकदा 'झालं' म्हना, म्हंजे मी नारळ फोडतो अन् माझी थापी-ओळंबा उचलतो."

त्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाचंही छत पुरं झालं की घरच्या बाईनं वर चढून, बघून, तोंडानं 'झालं' म्हणायचं. तोवर हा माणूस हत्यारं हलवत नाही. पैशाचं राजूनं पुण्याहून कधीच मिटवलंय, तुमचा मुलगा त्यात पक्का आहे. अडलं होतं ते माझ्या एका शब्दावर. आणि तो शब्द माझा नव्हताच की हो! दोघे भाऊ गेल्यावर या घरात आपण दोघी जावा उरलो, आणि पसंत-नापसंत सगळं थोरल्या जावेकडं, म्हणजे तुमच्याकडं. माझ्या वाट्याला होतं 'असू द्या'.

मी त्याला म्हटलं, "बघते." तो म्हणाला, "बघायचं काय त्यात? आक्का असत्या तर..." आणि तिथंच थांबला. मी आत वळले. मग चहा केला, तो उंबऱ्यावर बसून प्यायला आणि गेला. त्याची हत्यारं जिन्याखाली तशीच. येता-जाता मला ती दिसायची, आणि दिसली की वाटायचं, आता तुमच्याशी बोलल्याशिवाय काही खरं नाही.

तर बोलते.

मला पहिल्यांदा आठवतो तो माळवद उतरवलं तो दिवस. स्वयंपाकघरावर आणि माजघरावर आपलं माळवद. तुळया, तुळयांवर लाकडी चिपा, त्यावर तरवडाचा पाला आणि वर माती. उन्हाळा सरता सरता पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा. मी खालून पाट्या द्यायची, तुम्ही वर पसरायच्या आणि वरूनच ओरडायच्या, "अगं, दमानं! माती हाय, लगीनघरचा भात न्हाय!" घर गार राहायचं, खरंय. पण तुळईला वाळवी लागली, आणि गेल्या पावसात गॅसवर आमटी उकळत असताना वरून चिखलाचा थेंब पडला, थेट पातेल्यात. तुम्ही आधी पातेल्यात बघितलंत, मग वर बघितलंत. म्हणालात, "यव्वा! छत बी जेवायला बसलं की." त्याच दिवशी ठरलं. माळवद काढायचं, स्लॅब टाकायचा.

माणसं वर चढून माती ओढायला लागली. एक ट्रॅक्टर भरून गेला, दुसरा आला, तोही भरला, माती काही सरेना. आपण दोघी अंगणात नाकाला पदर लावून उभ्या. कापलेल्या कडेला थर दिसत होते, चपातीचे पदर सुटावेत तसे. पांढरा, भुरा, पुन्हा पांढरा. वर्षावर वर्ष. आपण टाकलेली माती वर, तिच्याखाली सासूबाईंनी टाकलेली, तिच्याखाली त्यांच्या सासूनं टाकलेली. एका थरात हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. कुणाची, कोण सांगणार? तुम्ही माझा दंड धरलात. "सुमा, नोडु," म्हणालात. तुम्हाला फार आत लागलं की तुमची अक्कलकोटकडची कानडी बाहेर यायची. "बघ की. हे एवढं आपल्या डोक्यावर होतं? अन् आपण त्याच्याखाली निवांत भाकऱ्या थापत होतो?"

मग शेवटची तुळई उतरली आणि स्वयंपाकघरात ऊन आलं. ज्या कोपऱ्यात मी लग्न होऊन आल्यापासून चाचपडत मिठाचा डबा शोधला, तिथं लख्ख ऊन. तुम्ही मधोमध जाऊन उभ्या राहिलात, मान वर करून. चार भिंतींच्या मापानं आकाश कापून वर ठेवल्यासारखं दिसत होतं, त्यात एक घार फिरत होती. "केवढं ते," म्हणालात. एवढंच. तुम्हाला दोन शब्दांत थांबलेलं मी त्या दिवशी बघितलं.

बाकी थांबणं तुमच्या स्वभावात कुठं होतं! छप्पर बदलायचं ठरलं तेव्हापासून तुम्ही लोकांच्या गच्च्या बघत सुटलात. करमाळ्याला बारशाला गेलो. बाळ पाळण्यात, बायका पाळणा म्हणतायत, आणि तुम्ही घरच्या बाईला विचारताय, "वर जायचा जिना कुटनं हाय हो?" तिला वाटलं तुम्हाला गरगरतंय, वारा हवाय. ती बिचारी पंखा घेऊन मागं मागं वर आली.

अकलूजला तर तुम्ही कहर केलात. राजूच्या सासरी नवा बंगला. गच्चीवर तुकड्या-तुकड्यांची चकचकीत फरशी, पांढऱ्यात निळी फुलं. सगळे वा-वा करतायत. तुम्ही तांब्याभर पाणी मागितलंत. विहीणबाई फिल्टरचं घेऊन आल्या, वर पेला उपडा. तुम्ही पेला त्यांच्या हातात दिलात, तांब्या गच्चीच्या मधोमध ओतलात आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. पाणी निचऱ्याच्या जाळीकडं जायचं सोडून जिन्याच्या दाराकडं निघालं, जसं काही तिथं त्याचं माहेर आहे. विहीणबाईंच्या चेहऱ्याकडं बघवेना. तुम्ही म्हणालात, "फरशी लई देखणी हाय हो. पाण्याला तेवढी वाट दावायची राहिली बघा."

परतीच्या एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही. टेंभुर्णीच्या स्टँडवर तुम्ही भज्यांचा पुडा माझ्यापुढं केलात. "रागव तू. खाऊन रागव. पण सुमा, घर ज्याचं हाय त्यानं काय मागायचं असतंय, हे कुणी सांगतच न्हाय बघ. लोक म्हणत्यात, गळलं न्हाय म्हंजे झालं. अगं, गळायला दोन-तीन पावसाळे जात्यात. तवर मिस्त्री कुटं अन् तू कुटं?"

भजी गार होती. पण तुमचं म्हणणं मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात हे? लोकांच्या गच्च्यांवर, उन्हात, पायात चपला नसताना. पाणी दोन्ही जाळ्यांकडं आपण होऊन गेलं पाहिजे, खराटा लागता कामा नये. कठडा जिथं गच्चीला मिळतो तिथं काटकोन ठेवायचा नाही, गोलसर वाटा करून घ्यायचा, कारण भेग पहिली तिथंच पडते. जाळीचं तोंड आजूबाजूपेक्षा अंगुळभर खाली पाहिजे. खिडकीवरच्या छज्ज्याला खालच्या अंगानं बारीक खाच पाहिजे, म्हणजे पाणी तिथंच टपकतं, भिंतीवरून रांगत येत नाही. वरचा थर काठीनं ठोकला तर भरीव वाजला पाहिजे, डब्यासारखा नाही. आणि काम संपलं की खिडक्यांच्या गजांवरचं, फरशीवरचं वाळलेलं सिमेंट खरवडून, झाडून घर हातात दिलं पाहिजे. हे शेवटचं तर तुम्ही मायाप्पाला पहिल्याच दिवशी सांगितलंत. तो हसला. "आक्का, अजून खोदलं बी न्हाय अन् तुमी झाडायचं बोलताय!" तुम्ही म्हणालात, "मग काय! आधी सांगितलं तर मागणं असतंय, मागनं सांगितलं तर भांडण."

पण तुम्ही नुसत्या खोड काढणाऱ्या होता असं कुणी म्हणालं तर मी त्याला दारात उभं करणार नाही. स्लॅबखालचे टेकू नि फळ्या काढल्यावर खालच्या बाजूला गिलावा झाला, त्या दिवशीचं सांगते. मी उभ्या-उभ्या वर बघितलं आणि म्हटलं, छान आहे. तुम्ही चटई मागितलीत. भर दुपारी, मजूर बायका बघतायत, मायाप्पा बघतोय, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या जमिनीवर सरळ आडव्या झालात. "छत उभं राहून कोण बघतंय? माणूस पडल्यावरच बघतंय की." मग बॅटरी मागितलीत आणि मला स्टुलावर चढवून ती छताला टेकवून आडवी धरायला लावलीत. उजेड छतावरून सरपटत गेला आणि जे छत मघाशी काचेसारखं दिसत होतं, त्यावर लाटाच लाटा! टेकाडं, खळगे, हाताच्या फराट्या. मी घाबरले. मायाप्पाचा चेहरा पडला. म्हणाला, "आक्का, छत हाय वो, इरकलीचा पदर न्हाय."

तुम्ही उजेडामागं नजर नेलीत, पार भिंतीपर्यंत. मग म्हणालात, "मायाप्पा, हे हाताचं हाय. हात फिरला की हाताची खूण राहणारच, ती राहू दे. रोजच्या उजेडात दिसत न्हाय ना? मग बास. पण तो बघ, दिव्याच्या हुकाजवळ, तितं सळई डोकावायली. ते झाकायचं न्हाय, फोडून भरायचं."

मी स्टुलावरून तुमच्याकडं बघत होते, अक्का. मला तिथवर वाटत होतं की तुम्हाला सगळंच खपत नाही. तुम्हाला काय खपतं हे तुम्हाला इतकं पक्कं ठाऊक होतं, हे मला तिथं कळलं. लाटा खपल्या, सळईचं टोक खपलं नाही. मायाप्पानं दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं ते फोडलं. आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासून तो तुम्हाला विचारल्याशिवाय थापी उचलेना.

त्याच्या आधी, स्लॅब टाकला त्या दिवशी, तुम्ही सगळ्यांना गव्हाची गोड हुग्गी करून वाढलीत. ती संपली, आणि मग आपलं भांडण सुरू झालं, जे अजून चालूच आहे.

पाण्याचं. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचं, स्लॅब भिजत ठेवायचा. आता आपल्या सोलापुरात नळ आज आला की परत कधी येईल ते विचारू नये. घरातली पिंपं, हंडे, कळशा, बादल्या भरून ठेवायच्या आणि वाटी-वाटीनं वापरायचं, ही आपली सवय. आणि तुम्ही पिंपं वर चढवायला लागलात! समोरच्या वहिनी दारातून ओरडल्या, "काय बाई हे! हितं माणसाला घोटभर न्हाय अन् ह्या छताला पाजायल्यात!" तुम्ही कठड्यावरून वाकून म्हणालात, "बाळंतीण हाय ती! तिला पहिलं!" सगळी गल्ली हसली. मला काही हसू आलं नाही, कारण माझ्या अंघोळीचं पाणी वर गेलं होतं.

मी म्हटलं, "अक्का, गोणपाट ओलं केलंय की. असू द्या आता."

तुम्ही म्हणालात, "सुमा, तुझं 'असू द्या' म्हंजे माया न्हाय. कंटाळा हाय."

लागलं मला ते. मी म्हटलं, "आणि तुमचं बघणं म्हणजे काळजी नाही. हट्ट आहे."

तुम्ही तुमची स्वतःची अंघोळीची बादली उचललीत आणि पायरी-पायरीवर टेकवत वर नेलीत. संध्याकाळी आपण नेहमीसारखं जेवलो, शेंगाचटणी तुम्हीच वाढलीत. पण त्या बोलण्याचा निकाल लागला नाही. पुढं कधीतरी लावू, असं मी धरून चालले होते.

पुढं तुमच्या छातीचं दुखणं निघालं. वरचा थर, गच्चीचा उतार, वाटे, जाळ्या, हे सगळं व्हायचं होतं. दवाखान्यात तुम्ही उशांना टेकून बसलेल्या, तोंडाला ती नळी. मी मनात तयारी करून गेले होते, की छताचं विचाराल, मायाप्पा काय करतोय विचाराल. तुम्ही नळी बाजूला केलीत आणि विचारलंत, "जेवलीस?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "काय?" मी जेवलेच नव्हते. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, जशी पाणी चुकीच्या बाजूला गेल्यावर हलवायच्या. आपलं ते शेवटचं बोलणं.

आपल्यात जाळत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. तुमच्या कपाळावर विभूती, मांडी घातलेली, पाठ ताठ. मायाप्पानं कामावरनं सरळ येऊन खांदा दिला. हाताला सिमेंट तसंच. खड्ड्यात उतरवताना सगळ्यांचं धाबं दणाणलेलं, आणि हा कडेवरून रडत रडत सांगतोय, "सरळ, सरळ बसवा! आक्काला तिरकं चालत न्हाय!" राजू रडता रडता हसला. मीही हसले, अक्का. तुमच्या मातीच्या वेळी हसले. तुम्हाला ते खपलं असतं असं वाटतं.

त्या दुखवट्याच्या दिवसांत घरचं कुणी वर फिरकलं नाही. मायाप्पानं माणसं लावून वरचा थर पुरा केला. आणि मग तो दारात आला, सुरुवातीला सांगितलं तसा.

राजूला फोन केला. तो म्हणाला, "काकू, म्हणून टाका ना झालं. त्या माणसानं आईला खांदा दिलाय. आता कशाला ताणता?" तेच तर, राजू. तेच तर अवघड होतं. मायाप्पानं तुम्हाला खांदा दिला नसता तर मी चटकन वर गेले असते. आता वर जाऊन त्याच्या कामात काही निघालं, तर कुठल्या तोंडानं सांगू? आणि न बघता 'झालं' म्हटलं, तर गच्ची बघताना मला रोज तुम्ही दिसणार, कमरेवर हात ठेवून.

नळ आला त्या सकाळी मी दोन्ही जाळ्यांमध्ये फडकी कोंबली, वर चिखल लिंपला आणि मोटार लावून पाइप वर सोडला. समोरच्या वहिनी दारात आल्या. मला वाटलं आता काही बोलणार. त्या नुसत्या वर बघत राहिल्या आणि थोड्या वेळानं स्वतःच्या घरातून एक हंडा घेऊन आल्या. "घ्या," म्हणाल्या. "त्यांच्या छताला."

गच्ची भरली. अक्का, तुम्ही ते बघायला हवं होतं. आपल्या गल्लीत, जिथं बादलीच्या तळाचं पाणीसुद्धा तुळशीला घालतो, तिथं कठड्यापासून कठड्यापर्यंत पाणी. हलेना, बोलेना. त्यात सगळं आभाळ उतरलेलं, समोरच्या घराच्या पाण्याची टाकी उलटी, तारेवरचे पारवे उलटे. मग ते पारवे खाली आले, आणि साळुंक्या आल्या, आणि कडेला बसून पाणी प्यायला लागल्या, न घाबरता. मी जिन्याच्या दारात बसून राहिले. मला छत तपासायचं होतं हे मी विसरूनच गेले. आपल्या डोक्यावर पूर्वी इतकी माती होती, आता इतकं पाणी आहे, आणि आपण खाली राहतो, ह्याचंच नवल वाटत राहिलं.

खाली येऊन चटई टाकली आणि पडले. छत कोरडं. दुसऱ्या दिवशी सकाळीही कोरडं. स्टुलावर चढून हुकाजवळ हात लावून बघितला, खडखडीत. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं बोलले. मग वर जाऊन फडकी काढली. पाणी घळाघळा निघालं, दोन्ही जाळ्यांकडं, वाटे चाटत, जराही न अडखळता. मी बघत राहिले ते पार पाणी सरेपर्यंत. आणि पूर्वेच्या कोपऱ्यात, कठड्याला लागून, परातीएवढं पाणी तसंच राहिलं.

खराटा बाजूलाच होता. दोन हात मारले असते की संपलं. मी खराटा हातात घेतलाही. मग ठेवला आणि मायाप्पाला बोलावून घेतलं.

त्यानं बघितलं. म्हणाला, "काकू, एवढं तं उन्हानं वाळून जातंय. सोलापूरचं ऊन हाय, दुपारपत्तुर टिकत न्हाय."

"वाळतं म्हणूनच म्हणते," मी म्हटलं. "भिजणार, तापणार, वाळणार. परत भिजणार. कातडी फुटते की अशानं, सिमेंट नाही फुटणार?"

तो कठड्यावर बसला. दोन्ही हात पुढं धरून बघितले. मग म्हणाला, "असल्याच हातानं आलो अन् आक्काला खांदा दिला, काकू. अन् तुमी मला परातभर पाण्यावरनं..."

मी म्हटलं, "मायाप्पा, खांदा दिलास ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यासाठी मी तुझ्या पाया पडेन. पण हे छताचं चाललंय."

तो उठला, खाली उतरला, चपला घातल्या, गेला. चहासुद्धा नाही.

तुम्ही कसं करत होता हो हे? आयुष्यभर लोकांना 'हे नाही चालत' म्हणत आलात, आणि तीच माणसं तुमच्याकडं हुग्गी खायला येत राहिली. त्या दिवसभर, मी एक माणूस घालवला, असंच वाटत होतं. आपल्या भांडणाचा मी पुन्हा विचार केला. तुम्ही म्हणायचात, माझ्या 'असू द्या'त कंटाळा आहे. नाही, अक्का. त्यात भीती होती. माणूस तुटेल याची. हे तुम्हालाही ओळखता आलं नाही, आणि मला सांगता आलं नाही. आणि तुमच्या बघण्यात हट्ट नव्हता. त्यात समोरच्यावरचा विश्वास होता, की हा यापेक्षा चांगलं करू शकतो. तेही तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आपण दोघी इतकं बोलायचो, आणि हेच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून छिन्नीचा आवाज आला. टण, टण, टण. पूर्वेच्या कोपऱ्यातून. भाकरी करपली. मी तशीच वर गेले. मायाप्पा एकटाच होता, उकिडवा बसून कोपरा फोडत. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "च्या ठेवा. साखर जरा जास्ती."

कोपरा नव्यानं झाला, भिजला, वाळला. मग एका सकाळी त्यानं मला हाक मारली. "काकू, या. ओता." मी ओतलं. पाणी क्षणभर तिथंच रेंगाळलं, जणू कुठं जायचं ते आठवत होतं. मग हळूहळू, एका बारीक रेघेनं, जाळीकडं निघालं. आम्ही दोघं त्याच्यामागं पावलं टाकत गेलो, लग्नातल्या वरातीमागं जातात तसे.

"झालं," मी म्हटलं.

मायाप्पानं नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा तुमच्या नावानं कठड्यावर ठेवला, तो लगेच कावळ्यानं नेला. मग त्यानं थापी पुसली, ओळंब्याचा दोरा गुंडाळला, सगळं पोत्यात घातलं. आणि निघायचं सोडून मान खाजवत उभा राहिला.

"काकू, रविवारी घरी येता का? आमच्या वरचं जरा बघायचं हुतं."

त्याचं घर शहराच्या कडेला, हद्दवाढीत. पत्र्याचं. गेल्या उन्हाळ्यात जुने पत्रे काढून नवे घातले, दुसऱ्या माणसानं, कारण मायाप्पा स्लॅबचा माणूस, पत्र्याच्या कामाला त्यानं कधी हात लावला नव्हता. त्याची बायको दारातच मला म्हणाली, "बघा की काकू! ह्यो गावाचे स्लॅब टाकतोय, अन् आमी पावसात पातेली मांडून निजतोय!" मायाप्पा म्हणाला, "आगं, पानी तरी पी म्हन त्यान्ला आधी."

मी वर बघितलं. पत्रे नवे, चकाकणारे, ओळीनं स्क्रू. छानच दिसत होतं. पत्र्याचं मला काहीच कळत नाही, अक्का. त्यातलं तुम्ही कधी काही सांगितलं नव्हतंत, तुम्हालाही ते ठाऊक नसावं. मला शिडी चढवत नव्हती, तांब्या ओतून काही कळणार नव्हतं, आणि नवरा-बायको दोघं माझ्याकडं बघत उभे. बाहेर भर दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. आणि कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "दार लावून घे. खिडकीवर चादर टाक."

घर अंधारलं. आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले.

सगळ्या छतातून उजेड आला. जिथं स्क्रू चुकून मारून परत काढला होता तिथून एक. जिथं स्क्रूखालची रबरी चकती नीट बसलीच नव्हती तिथून सुईएवढा एक. दोन पत्र्यांच्या जोडातून तर अख्खी एक रेघ. आणि प्रत्येक ठिकाणाहून उजेडाची एक-एक काडी खाली उतरलेली, चुलीवर, गादीवर, मायाप्पाच्या खांद्यावर, त्याच्या बायकोच्या साडीवर. तिच्यात धूळ तरंगत होती, सोन्यासारखी. मग ती बाई हळूच म्हणाली, "अगं बया."

अक्का, ते सगळे दोष होते. एकूण एक गळणार होता. आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. या वेळी तुम्ही काय म्हणाला असता, ते मला सांगता येईना. आजवर असं कधी झालं नव्हतं.

मायाप्पा अंधारातून म्हणाला, "लई हाईत वो, काकू. कुटनं सुरू करायचं?"

"खडू आहे का घरात?" मी म्हटलं. "आण. आणि खुणा होईपर्यंत दार उघडू नको."